विश्लेषण : सोलर वॉटर हीटरवरचा जीएसटी घटला, पण हिंगोलीत खरेदीआधी पाणी आणि छत का तपासायचं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर वॉटर हीटरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुलै २०२२ मध्ये तो ५ वरून १२ टक्के झाला होता, म्हणजे दर पुन्हा जुन्या जागी आला आहे. करापूर्वीची किंमत २० हजार रुपये धरली, तर बचत १,४०० रुपयांची. पण हिंगोली जिल्ह्यात पाणी आणि छत न पाहता संच बसवला, तर त्याहून जास्त पैसे दुरुस्तीत जाऊ शकतात.

अनुदान मिळतं का?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. 'पीएम सूर्यघर' योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण ते छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनलसाठी आहे. पाणी तापवणारा संच त्यात बसत नाही. विक्रेता अनुदान सांगत असेल, तर ते कोणत्या योजनेतून, हे लेखी मागा.

किती लिटरचा संच पुरतो?

६० अंशांचं १०० लिटर पाणी तेवढ्याच गार पाण्यात मिसळलं, की आंघोळीजोगं सुमारे २०० लिटर होतं. १५ लिटरच्या बादलीने मोजलं तर १३ बादल्या. चार-पाच जणांच्या घराला तेवढं पुरतं. हेच १०० लिटर २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यासाठी गिझरला साडेचार युनिटपेक्षा जास्त वीज लागते.

पाणी का तपासायचं?

काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी अनेक ठिकाणी क्षारयुक्त असतं. बादलीवर किंवा गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसत असेल, तर तीच खूण. सपाट पॅनलच्या संचात तांब्याच्या बारीक नळ्या असतात. त्या क्षाराने चोंदतात आणि पाणी कोमटच राहतं. काचेच्या रुंद नळ्यांचा संच अशा पाण्यात जास्त टिकतो. नळी फुटली तर तेवढीच बदलता येते. मात्र गारपिटीत या नळ्यांना धोका जास्त, तर सपाट पॅनलची कडक काच तुलनेने तग धरते. म्हणून नळाचं गोडं पाणी असेल तर सपाट पॅनल आणि बोअर असेल तर काचेच्या नळ्या, असा ढोबळ हिशेब ठेवता येतो. टाकी आतून कशाची आहे आणि खाऱ्या पाण्यावर वॉरंटी लागू आहे का, हेही विचारा.

छताचं काय?

२०० लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचंच वजन २०० किलो होतं. हिंगोलीत २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. स्लॅबवर नुसता ठेवलेला स्टँड त्यामुळे धोक्याचा ठरतो. तो बोल्टने पक्का करावा. पत्र्यावर संच ठेवू नये, त्यासाठी लोखंडी अँगलचा वेगळा सांगाडा लागतो.

पंपाशिवाय चालणाऱ्या साध्या संचात गार पाण्याच्या टाकीचा तळ गरम टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा. अनेक घरांत जुनी टाकी खाली असते आणि ती उचलण्याचा खर्च नंतर कळतो. संचाचं तोंड दक्षिणेला हवं आणि हिवाळ्यात त्यावर सावली नको. गरम पाण्यासाठी साधा पीव्हीसी पाइप चालत नाही; सीपीव्हीसी किंवा जीआय घ्या आणि त्यावर उष्णतारोधक आवरण चढवा.

कोटेशन कसं वाचायचं?

स्टँड, पाइप, आवरण, गार टाकीची उंची आणि बसवण्याची मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. संचावरचा कर ५ टक्केच लावला आहे ना, हे बिलात बघा. सपाट पॅनलसाठी आयएस १२९३३ आणि काचेच्या नळ्यांच्या संचासाठी आयएस १६५४४ हे भारतीय मानक आहे. दोन कोटेशनची तुलना त्यानंतरच करा, कारण स्वस्त आकड्यात बहुतेक वेळा यातलंच काहीतरी वगळलेलं असतं.