चिमूटभर बेंझोएट

माझ्या एका मित्राने साइड बिझनेस काढलाय. संत्र्याचा रस, न तापवता बाटलीबंद. पहिली बाटली माझ्या चार वर्षांच्या भाचीला भेट! मी म्हटलं, पाश्चरायझेशन? तर म्हणे, "चव जाते रे. आणि रस आंबट असतोच, वर चिमूटभर बेंझोएट टाकतो की!"

हे मला अजिबात पटत नाही. आंबट रसात बेंझोएटचं बेंझॉइक आम्ल होतं, ते जिवाणूच्या आवरणातून गुपचूप आत शिरतं आणि आत प्रोटॉन सोडतं. ते बाहेर उपसण्यातच पेशीची शक्ती खर्च होते आणि वाढ खुंटते. खुंटते बरं का, जिवाणू मरेलच असं नाही! ई. कोलायकडे तर ग्लुटामेट वापरून प्रोटॉन गिळणारी यंत्रणाच असते. शिवाय आधी सौम्य आम्लाची सवय झाली, की पुढचं कडक आम्लही तो सोसतो. थोडक्यात, आपणच त्याला ट्रेनिंग देतो, फ्रेशरला देतात तसं.

१९९६ साली अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ१५७:एच७ पसरला. एक तान्हं मूल दगावलं. तो रसही आंबटच होता.

असो. भाचीची बाटली मी बेसिनमध्ये ओतली. मित्राला अजून सांगितलेलं नाही.