शिरेतले गॅडोलिनियम

एमआरआयच्या तपासणीत रोग्याच्या शिरेत जे रंगहीन द्रव्य टोचतात, त्याला आपल्याकडे सर्रास ‘डाय’ म्हणतात. वस्तुतः तो रंग नव्हेच! ते विरल मृत्तिका गटातील गॅडोलिनियम या धातूचे संयुग आहे. आणि संमतिपत्रावर सही करणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असते?

या धातूच्या आयनात सात एकाकी इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या चुंबकीय प्रभावाने भोवतालच्या पाण्याचा संदेश यंत्रात उजळ उमटतो आणि मेंदूतली लहानशी गाठही डॉक्टरांना दिसते. हा उपकार मोठा आहे. परंतु गॅडोलिनियम क्लोराइडसारखे साधे क्षार शिरेत गेले तर ते विषच. त्याचा आयन आकाराने कॅल्शियमइतकाच. त्यामुळे कुलपात शिरणारी पण न फिरणारी किल्ली जसे कुलूप अडवून बसते, तसा तो स्नायूंतील व मज्जातंतूंतील कॅल्शियमच्या वाटा अडवतो. म्हणून रसायनज्ञांनी त्याला सेंद्रिय रेणूच्या पिंजऱ्यात कोंडले. असे पहिले औषध अमेरिकेत १९८८ साली मान्य झाले.

मात्र सगळे पिंजरे सारखे भक्कम नसतात. उघड्या साखळीचे सैल, वलयाकार घट्ट. निरोगी मूत्रपिंडे हे औषध लवकर बाहेर टाकतात. ती निकामी असतील तर ते शरीरात रेंगाळते आणि धातू सुटा होऊ लागतो. १९९७ पासून अमेरिकेत काही मूत्रपिंडरुग्णांची त्वचा लाकडासारखी घट्ट होऊ लागली, सांधे आखडले. कारण उमगायला २००६ साल उजाडले! पुढच्याच वर्षी अमेरिकेने कडक इशारा दिला आणि २०१७ साली युरोपने सैल पिंजऱ्याची बहुतेक औषधे शिरेतून देणे स्थगित केले. रोग्यांची आधी पारख होऊ लागल्यावर ही व्याधी अतिशय विरळ झाली, हेही सांगितले पाहिजे. भीतीने आवश्यक तपासणी टाळणे हा निव्वळ आत्मघात होय.

आमचे म्हणणे एवढेच, की मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा उतारवय असलेल्या रोग्याचे क्रिएटिनिन आधी तपासावे. ही चाचणी साधी, स्वस्त आणि कोणत्याही प्रयोगशाळेत होणारी आहे. ज्याची मूत्रपिंडे दुबळी, त्याला वलयाकार पिंजऱ्याचेच औषध द्यावे. आणि टोचलेल्या औषधाचे नाव व मात्रा अहवालावर ठळकपणे लिहावी, म्हणजे पुढच्या डॉक्टरला रोग्याच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागणार नाही.