दुरुस्तीचा दुराग्रह

घरांतील संगणक एके दिवशीं अडून बसतो, डिस्कमध्यें दोष आढळला असून ती दुरुस्त करावयाची आहे काय, असा प्रश्न पडद्यावर उमटतो, आणि यजमान क्षणाचाही विचार न करतां 'होय' म्हणून मोकळे होतात. सुशिक्षित कुटुंबांत हा प्रकार आतां इतका सर्रास झाला आहे कीं, त्याला हरकत घेणारासच लोक वेड्यांत काढतील. तो आरोप पत्करून आम्ही म्हणतों कीं, जिच्यावर आपला एकुलता एक ठेवा अडकला आहे अशी हार्ड डिस्क दुरुस्त करावयास जाणें म्हणजे पुष्कळदां त्या ठेव्यावर पाणी सोडणेंच होय.

या घोटाळ्याचें मूळ 'दुरुस्ती' या शब्दांत आहे. विंडोजमधील चेकडिस्क हा कार्यक्रम दुरुस्ती करतो ती कशाची? फायलींची नव्हे, तर फायलींच्या नोंदवहीची. फर्द आणि दप्तर यांचा मेळ बसत नाहीं असें दिसतांच एखादा करडा कारकून न जुळणारे कागद गठ्ठ्यांतून उपसून कोपऱ्यांत टाकतो आणि हिशेब जुळल्याचा शेरा मारतो, तशांतलाच हा व्यवहार. उपसलेले तुकडे तो 'फाउंड' नांवाच्या कप्प्यांत क्रमांक घालून ठेवतो. मूळचें नांव नाहीं, गांव नाहीं. आमच्या एका स्नेह्यांनीं आपल्या मातोश्रींच्या आवाजांत जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. डिस्क बिघडली तेव्हां दुकानदारानें ती 'दुरुस्त करून' परत दिली, आणि खरोखरच ती झकास चालूं लागली! ओव्यांच्या जागीं मात्र असले शेंकडों अनामिक तुकडे होते. दुकानदारानें लबाडी केली असें आम्ही म्हणत नाहीं. त्याला डिस्क दुरुस्त करण्यास सांगितलें होतें, त्यानें ती केली.

बिघाड यांत्रिक असेल तर हा हट्ट अधिकच घातक ठरतो. डिस्कच्या तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि वाचणारें टोंक त्यांच्यापासून कांहीं नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतें. तें टोंक बिघडून टकटक असा आवाज येऊं लागला असतांही विद्युत्प्रवाह पुनःपुन्हां चालू करून पाहणें, हें मोडक्या हाडावर चालून पाहण्यासारखें आहे. डिस्क शीतकपाटांत ठेवावी म्हणजे ती पुन्हां चालते, असाही एक तोडगा कानोंकानीं फिरत असतो. गारठलेल्या तबकडीवर बाहेरच्या हवेंतील बाष्प धरतें, एवढें तरी या वैद्यांनीं ध्यानांत घ्यावयास नको काय?

योग्य रीत फारशी अवघड नाहीं. तिला धीर तेवढा लागतो. दुखऱ्या डिस्कवर एक अक्षरही नवें लिहूं नये, आणि ती वाचली जात असेल तोंवर तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवून घ्यावी. यासाठीं डीडीरेस्क्यू हा विनामूल्य कार्यक्रम आहे. वाचन अडलें तर तो तेथें हट्ट धरीत नाहीं. सुस्थित भाग आधीं उतरवून घेतो, राहिलेल्याचें टिपण ठेवतो आणि मागाहून त्याकडे वळतो. मग सारे प्रयोग त्या नकलेवर करावे. नोंदवही पार नष्ट झाली असली तरी फोटोरेक हा कार्यक्रम फायलींच्या आरंभींच्या खुणा ओळखून त्या वेंचून काढतो. नांवें जातात, पण छायाचित्रें पुष्कळदां हातीं लागतात. टकटक ऐकूं येत असेल तर मात्र यांपैकीं कशाच्याही वाटेस न जातां वीज बंद करावी आणि डिस्क जाणत्या प्रयोगशाळेच्या स्वाधीन करावी. नव्या एसएसडी प्रकारांत तर पुसलेली जागा ट्रिम या आज्ञेनें आंतल्या आंतच मोकळी केली जाते, आणि मग शोधावयास कांहींच उरत नाहीं.

कोणी म्हणेल, जी डिस्क दुरुस्तच होत नाहीं तिच्यांतून काय मिळणार? त्यांस आम्ही कोलंबिया यानाचें उदाहरण देतों. १ फेब्रुवारी २००३ रोजीं तें यान पृथ्वीवर परततांना आकाशांत फुटलें. झेनॉन वायूच्या प्रयोगाची नोंद असलेली, अवघ्या ४०० मेगाबाइट क्षमतेची एक डिस्क पुढें अवशेषांत सांपडली. तिचा बाहेरचा भाग जळून विद्रूप झाला होता. क्रोल ऑनट्रॅक या संस्थेच्या तज्ज्ञांनीं ती दुरुस्त करण्याच्या भरीस न पडतां तबकड्या काढल्या, स्वच्छ केल्या, दुसऱ्या यंत्रांत बसविल्या, आणि सुमारें ९९ टक्के मजकूर परत मिळविला. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. डिस्क मेली ती मेलीच, मजकूर वांचला.

प्रयोगशाळेचा खर्च सामान्य गृहस्थास झेपत नाहीं, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि आम्ही तो नाकारीत नाहीं. परंतु मुलीच्या लग्नांत छायाचित्रकारास हजारों रुपये मोजणारा गृहस्थ त्याच छायाचित्रांच्या दुसऱ्या प्रतीसाठीं एक जादा डिस्क घ्यावयास कां कू करतो, याला दारिद्र्य म्हणावें कीं आळस? शिवाय मराठी माणसाची आणखी एक गोष्ट आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीं श्रीलिपी, आकृती इत्यादि टंकांत लिहिलेला मजकूर परत मिळाला तरी तो टंक जवळ नसल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हें तेवढीं दिसतात. तेव्हां तो टंकही जपून ठेवला पाहिजे.

आमचे स्नेही अजून अधूनमधून ते अनामिक तुकडे उघडून पाहतात. त्यांतला एक वाजला. जात्याची घरघर स्पष्ट ऐकूं येते, मातोश्री ओवीचा पहिला चरण उचलतात, आणि तुकडा संपतो.