लगाम हवाच!

परवा मेसमध्ये वाद रंगला. एकजण तावातावाने म्हणाला, "युरोपला एआय जमत नाही, म्हणून ते नुसते कायदे करतात!" सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री रूमवर तो कायदा थोडा वाचला आणि माझं मत बदललं.

१ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आलेला हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो. सूत्र साधं आहे : धोका जितका जास्त, तितके नियम कडक. स्पॅम मेल गाळणाऱ्या प्रोग्रॅमला जवळजवळ मोकळं रान. पण वर्गातल्या मुलांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या भावना ओळखणाऱ्या यंत्रणेवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी; अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. दंड साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत! प्रवेश ठरवणारी, परीक्षेत कॉपी पकडणारी सिस्टीम 'जास्त धोक्याची'. तिच्या कामाच्या नोंदी राहिल्या पाहिजेत, तिच्यावर माणसाची देखरेख पाहिजे.

यात जाच कसला? तपासणीशिवाय बॉयलर चालवायचा नाही, हे आपण निमूट मानतो. मग एखाद्याचं वर्ष वाया घालवू शकणाऱ्या प्रोग्रॅमला सूट का? कागदपत्रांचा बोजा छोट्या कंपन्यांना जड जाईल, हे मान्य. पण "कॉम्प्युटरच तसं म्हणतो" हे काही उत्तर नव्हे.

आणि हो, पुण्यात बसून युरोपच्या बाजारासाठी एआय बनवलं, तरी हा कायदा लागू! तेव्हा मित्रांनो, हसण्याआधी एकदा वाचा. उद्या त्या कोडखाली नाव आपलंच असणार आहे.