पायजम्यातला पाय

हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या गावात लग्नाची पंगत बसली की जुन्या पिढीचा पेहराव एका नजरेत ओळखू येतो. धोतर नाहीतर पायजमा, वर सदरा, डोक्याला टोपी किंवा रुमाल. धोतराची वाट संस्कृताकडे जाते. सदऱ्याच्या मुळाशी अरबी ‘सद्र’, म्हणजे छाती. रुमाल फारसी, ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा. तोंड पुसायचं ते कापड मराठवाड्यात डोक्यावर मानाने बसलं.

पायजमाही फारसीच. ‘पाय’ अधिक ‘जामा’, पायात घालायचं वस्त्र. गंमत अशी की यातला पाय मराठी माणसाला परका वाटायचं कारणच नाही. मराठी पाय संस्कृत ‘पाद’वरून आला आणि फारसी पाय प्राचीन इराणी भाषेतून, दोघांचं मूळ कूळ एकच. जामाही आपल्याकडे चांगला रुळला. नटूनथटून निघालेल्या माणसाचा ‘जामानिमा’ त्यातलाच, आणि ज्यांच्या पूर्वजांकडे दरबारातल्या वस्त्रांची, पुढे मौल्यवान चीजवस्तूंचीही देखरेख होती त्या जामदारांचं आडनावही त्यातलंच.

तरीही मराठवाड्याच्या बोलीला ‘निजामी छापाची’ म्हणून नाक मुरडणारे भेटतात. हा आरोप इतिहासाला धरून नाही. हट्टा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामी राज्यात होतं आणि तिथला कारभार आधी फारसीत, मग उर्दूत चाले, हे खरं. पण निजामांचं आसफजाही घराणं 1724 मध्ये दख्खनेत स्थिरावलं. बहमनी राज्य त्याआधी पावणेचारशे वर्षांचं, 1347 चं. फारसी शब्द मराठीत शिरले ते तेव्हापासून, आणि ते फक्त गोदावरीकाठी थांबले नाहीत. पुण्याकडे ज्याला विजार म्हणतात, तो शब्दही अरबी ‘इजार’वरून आला. माधव त्र्यंबक पटवर्धनांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश काढला तो काही एकट्या मराठवाड्यासाठी नव्हे.

इंग्रजांनी पायजमा हिंदुस्थानातच पाहिला. सैल, हवेशीर म्हणून घरात घालायला उचलला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याकडे तो झोपताना घालायचा पोशाख ठरला. नावासकट तो जगभर गेला. इथे शेतावर, शाळेत, ग्रामपंचायतीच्या बैठकीत दिवसाढवळ्या मिरवणारा कपडा तिकडे रात्रीचा झाला आणि आता ‘नाइट पॅन्ट’ बनून आपल्याच बाजारात परतला आहे.

खरी काळजी वेगळीच आहे. पायजमा हा शब्द टिकेल. धोका त्याच्या शिलाईतल्या शब्दांना आहे. कमरेशी कापड दुमडून नाडी ओवायला जी पोकळ पट्टी शिवतात तिला शिंपी नेफा म्हणतो. तोही फारसी. खिसा, अस्तर त्याच घरचे. बटणाचं काज बहुधा पोर्तुगीज ‘काझा’वरून आलेलं, त्या भाषेत त्याचा अर्थ घर. एका साध्या पायजम्या-सदऱ्याच्या शिलाईत इतक्या भाषा नांदतात, हे भाषेचं वैभव आहे, डाग नव्हे. पण तयार कपडे आले, नाडीच्या जागी इलॅस्टिक आलं, आणि आज शाळेत जाणाऱ्या किती मुलांना नेफा म्हणजे काय ते सांगता येईल?

हिंगोली जिल्ह्याने तरी हे शब्द हातचे घालवू नयेत. नर्सी याच जिल्ह्यातली, आणि परंपरेनुसार ते शिंप्याच्या घरात जन्मलेल्या संत नामदेवांचं गाव. इथल्या शाळांनी मुलांना एक दिवस गावातल्या शिंप्याकडे वही घेऊन बसवावं. माप घेण्यापासून काज करण्यापर्यंत तो काय काय म्हणतो ते त्याच्याच उच्चारात उतरवून घ्यावं, शेजारी कपड्याचं चित्र काढावं आणि ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. मशीन चालवणारे जुने हात अजून गावोगाव आहेत, तोवर हे काम व्हायला हवं.