वहीतले ‘पित्त’

मार्चच्या पहिल्या आठवड्यात 69 वर्षांचे एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले आणि त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली. “डॉक्टरसाहेब, महिना भरला. एकदा हिशोब बघून घ्या,” असे म्हणून ते समाधानाने मागे टेकले. त्यांचे सारे आयुष्य एस.टी.त वाहक म्हणून गेले. रोजचे वेबिल पै-पैशाने जुळवण्याची सवय हाडीमासी खिळलेली असल्यामुळे व्यायामाचा हिशोबही त्यांनी त्याच शिस्तीने ठेवला होता. तारीख, निघण्याची वेळ, परतण्याची वेळ, मार्ग आणि शेवटी शेरा.

आषाढीच्या वारीत लोणंदपासून पंढरपूरपर्यंत चालायचे, हा त्यांचा संकल्प होता. त्यासाठी अंग तयार करायचे म्हणून 1 फेब्रुवारीपासून त्यांनी 30 दिवसांचा सराव केला. त्यातले 11 दिवस सपाटीवर चालणे, 6 दिवस सायकल, 4 दिवस पोहणे, 5 दिवस अजिंक्यताऱ्याचा चढ आणि 4 दिवस पूर्ण विश्रांती. ही आखणी त्यांची स्वतःचीच होती आणि ती ऐकून मला कौतुक वाटले होते, हे कबूल करतो. निरनिराळे व्यायाम आलटून पालटून करण्यात शहाणपण आहे. पोहताना आणि सायकल चालवताना गुडघ्यांवर भार कमी पडतो, पण हाडांना जो भार हवा असतो तो मात्र चालण्यातून आणि चढण्यातून मिळतो. एका दिवशी शिणलेल्या स्नायूंना दुसऱ्या दिवशी उसंत मिळते. एकसुरीपणाचा कंटाळा येत नाही, हा लाभही लहान नाही.

वहीची पाने उलटताना माझी नजर शेऱ्यांवर थबकली. सहा ठिकाणी त्यांनी ‘पित्त’ असा शब्द लिहून त्याभोवती गोल केला होता. तारखा एका कागदावर उतरवून घेतल्या आणि त्या दिवशी कोणता व्यायाम होता ते समोर मांडले. सपाटीवर चालण्याच्या 11 दिवसांत पित्त एकदाही नाही. पोहण्याच्या दिवशी नाही. विश्रांतीच्या दिवशी नाही. चढाच्या 5 दिवसांपैकी 4 दिवस पित्त होते आणि सायकलीच्या 6 दिवसांपैकी 2 दिवस, तेही परतीच्या चढावर, समोरून वारा असताना. चढाच्या ज्या एका दिवशी त्रास झाला नाही, त्या दिवशी नात बरोबर होती आणि तिच्या हट्टामुळे ते जागोजागी थांबत वर गेले होते.

पित्ताला चढ आणि उतार कळत नाही. हृदयाला कळतो.

मग मी खोदून विचारले. नेमके काय होते? छातीच्या मध्यभागी आवळल्यासारखे वाटते, डावा जबडा जड होतो. किती वेळ? थांबले की दोन-तीन मिनिटांत जाते. कोठे होते? पहिल्या वेळी तिसऱ्या वळणावर, नंतर दुसऱ्या वळणावर आणि शेवटच्या खेपेस पहिले वळण येण्यापूर्वीच. म्हणजे महिनाभर सराव करूनही त्रास दिवसेंदिवस कमी श्रमात होऊ लागला होता. सराव वाढेल तसा चढ सोपा वाटला पाहिजे. येथे उलट घडत होते.

आता माझी चूक सांगतो. डिसेंबरात हेच गृहस्थ ‘छातीत जळजळ’ म्हणून माझ्याकडे आले होते. त्यांनी ‘पित्त’ म्हटले आणि मीही ते मानून घेतले. हृदयाचा आलेख काढला, तो सरळ आला आणि आम्लता कमी करणारी गोळी लिहून दिली. विश्रांतीच्या अवस्थेत काढलेला आलेख सरळ असणे म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या असणे नव्हे, हे मी विद्यार्थिदशेपासून जाणतो. तरीही ‘कोणते काम करताना होते?’ हा एक प्रश्न त्या गर्दीच्या सकाळी विचारायचा राहिला. तो प्रश्न मार्चमध्ये त्यांच्या वहीने मला विचारला.

त्या दिवशीही आलेख सरळच होता. पट्ट्यावर चालवून करायची चाचणी मी मुद्दामच सुचवली नाही. दिवसेंदिवस कमी श्रमात दुखू लागलेल्या हृदयाची तशी परीक्षा घेणे धोक्याचे असते. सराव त्याच क्षणी बंद करायला सांगितला, ॲस्पिरिन दिली आणि त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. ॲन्जिओग्राफीत दोन रक्तवाहिन्यांमध्ये मोठे अडथळे निघाले आणि दोन स्टेंट बसवावे लागले.

ते रुग्णालयातून परतल्यावर त्यांच्या पत्नीने मला विचारले, “यांनी आयुष्यभर गाडीत उभे राहून काम केले, मग यांनाच कसे?” प्रश्न रास्त आहे. लंडनमधील बसचालक आणि वाहक यांची तुलना करणारा जेरेमी मॉरिस यांचा अभ्यास 1953 साली प्रसिद्ध झाला. दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी आढळला. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध दाखवणाऱ्या आरंभीच्या अभ्यासांत त्याची गणना होते. पण ‘कमी’ म्हणजे ‘मुळीच नाही’ असे नव्हे. या गृहस्थांना अकरा वर्षांचा मधुमेह आहे आणि तरुणपणी ते विडी ओढत असत. व्यायामाने धोका घटतो, मागील खाते पुसले जात नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता अशी वही असेल, किंवा मनगटावरचे घड्याळच पावले मोजत असेल. पावले मोजण्यास माझा विरोध नाही. मात्र दहा हजार पावलांचा जो आकडा सर्वत्र ऐकू येतो, तो जपानमध्ये 1965 च्या सुमारास विक्रीस आलेल्या पाऊलमापक यंत्राच्या नावातून रूढ झाला. तो कोणा वैद्याने घालून दिलेला नियम नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, दोन किंवा अधिक दिवस स्नायूंच्या बळकटीचा आणि तीन किंवा अधिक दिवस तोल सांभाळण्याचाही सराव असावा. ज्यांना इतके जमत नाही त्यांनी जमेल तेवढे करावे, तेही उपयोगाचेच आहे.

‘मध्यम श्रम’ ओळखायचा कसा? चालता चालता बोलता यावे, पण गाता येऊ नये. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागत असेल तर श्रम मध्यमपेक्षा अधिक झाले. नाडीच्या आकड्यापेक्षा मला ही कसोटी अधिक भरवशाची वाटते. 220 मधून वय वजा करण्याचे सूत्र ही केवळ सरासरी आहे. प्रत्यक्षात एखाद्याची नाडी त्याहून दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडे-तिकडे असते. शिवाय रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारखी गोळी चालू असेल तर नाडी एरवीइतकी वाढत नाही. अशा वेळी घड्याळातला आकडा गाठण्याच्या नादात माणूस झेपेल त्यापलीकडे जाऊ शकतो. ज्यांच्या हृदयाचे ठोके मुळातच अनियमित आहेत, त्यांच्या बाबतीत घड्याळाचा आकडा फसवाही असू शकतो.

नाडी मोजायचीच असेल तर सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावी आणि वहीत लिहावी. आठवडाभरात आपला नेहमीचा आकडा कळून येतो. तो सलग दोन-तीन दिवस आठ-दहा ठोक्यांनी वाढलेला दिसला तर झोप अपुरी झाली असेल, अंगात कसर असेल, पाणी कमी पडले असेल किंवा आदल्या दिवशीचे श्रम अजून भरून आले नसतील. त्या दिवशी गडाऐवजी अंगण पुरे.

वहीत सर्वांत महत्त्वाचा स्तंभ तक्रारीचा. त्यात निदान लिहू नये, जाणवले ते लिहावे. ‘पित्त’, ‘गॅस’, ‘अशक्तपणा’, ‘वय झाले’ हे शब्द निष्कर्ष आहेत. त्यांऐवजी कोठे वाटले, कसे वाटले, काय करताना वाटले, थांबल्यावर किती मिनिटांत गेले आणि पोट भरलेले होते की रिकामे, एवढे पाच तपशील लिहावेत. वरील गृहस्थांच्या सहापैकी दोन ‘पित्तां’च्या दिवशी त्यांनी कोऱ्या चहाखेरीज काहीही घेतलेले नव्हते. मधुमेहींनी आणखी एक लक्षात ठेवावे. त्यांना हृदयाचा त्रास होताना छातीत दुखेलच असे नाही. नेहमीच्या चढावर अकस्मात धाप लागणे किंवा अनाकलनीय थकवा येणे, एवढेच लक्षण असू शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर काही तासांनी, कधी रात्री झोपेतही उतरते. म्हणून पहाटे घाम फुटून जाग आली तर तीही नोंद व्यायामाच्याच पानावर करावी. खिशात खडीसाखर किंवा ग्लुकोजची पुडी असावी, हे वेगळे सांगायला नको.

गुडघ्यांविषयी थोडेसेच. चढण्यापेक्षा उतरताना त्यांच्यावर अधिक ताण येतो. उतरल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखणे स्वाभाविक आहे, परंतु सांध्यातील वाढलेले दुखणे व्यायामानंतर दोन तासांहून अधिक टिकले तर पुढच्या खेपेस प्रमाण कमी करावे.

आणि काही प्रसंगी वही बाजूला ठेवावी. छातीतील आवळणे थांबल्यावरही गेले नाही, बसल्या जागी सुरू झाले, सोबत घाम, मळमळ किंवा भोवळ आली, तर नोंद करत बसू नये आणि स्वतः वाहन चालवून दवाखान्यातही जाऊ नये. 108 क्रमांकावर दूरध्वनी करावा.

फ्रान्सचे सायकलपटू रोबेर मारशाँ यांनी जानेवारी 2017 मध्ये, वयाच्या 105 व्या वर्षी, एका तासात 22.547 किलोमीटर अंतर कापले. हे उदाहरण मी बिचकतच देतो, कारण ते वाचून उद्याच कोणी नातवाची सायकल घेऊन घाटात निघेल. त्यांच्या त्या पराक्रमापेक्षा त्यांचा सराव पाहण्याजोगा आहे. 101 ते 103 या वयात शास्त्रज्ञांनी त्यांची पाहणी केली तेव्हा त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे 13 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. या काळातील त्यांच्या सरावापैकी सुमारे 80 टक्के भाग हलक्या श्रमाचा होता. आपल्याकडे बहुतेकांचे याच्या उलट असते. सहा दिवस काही नाही आणि रविवारी गड.

घरी आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांनी हे सारे वाचून सुस्कारा टाकला असेल, याची मला कल्पना आहे. अर्धांगवायू झालेल्या पतीची सेवा करणाऱ्या एका साठीच्या भगिनी मला म्हणाल्या, “सलग अर्धा तास मला दिवसात कधीच मिळत नाही.” त्यांना मी सांगितले ते आपणांसही सांगतो. व्यायामाचा प्रत्येक तुकडा किमान दहा मिनिटांचा असावा, अशी अट पूर्वी होती. 2020 च्या मार्गदर्शनात ती काढून टाकण्यात आली. पती झोपलेले असताना पाच मिनिटे जिना, कुकरच्या शिट्या होईपर्यंत ओट्याला धरून चवड्यांवर उठणे-बसणे, औषधे आणायला जाताना थोडी लांबची वाट, हे सर्व मोजावे. त्यांच्या वहीत आता दिवसाकाठी चार-पाच ओळी असतात आणि आठवड्याची बेरीज 120 च्या पुढे जाते.

ज्येष्ठांची वही घरातील दुसऱ्या कोणी पंधरा दिवसांतून एकदा चाळावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लिहिणाऱ्याला रोजचा फरक दिसत नाही. ज्या वाटेला महिन्यापूर्वी 22 मिनिटे लागत होती तिला आता 29 लागत असतील, चालण्याचे दिवस हळूहळू गळू लागले असतील, किंवा आठवड्यात दोन किलो वजन वाढून घोट्यांवर सूज दिसत असेल, तर ते वयावर न ढकलता तपासणी करून घ्यावी. रक्तक्षय, थायरॉईड, फुप्फुसे, हृदय, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते आणि बहुतेकांवर उपाय असतो.

आमच्या वाहकसाहेबांना यंदा पंढरपूरपर्यंत जाता आले नाही. त्याचे दुःख त्यांना आहे आणि ते त्यांनी लपवलेही नाही. साडेतीन महिने ठरवून दिल्याप्रमाणे सपाटीवर चालल्यावर हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने ते लोणंदहून तरडगावपर्यंतचा एकच टप्पा चालले. चांदोबाचा लिंब येथील उभे रिंगण पाहिले. मुलगा सोबत होता. गोळ्या आणि जिभेखाली ठेवायची औषधाची डबी खिशात होती. दुसऱ्या आठवड्यात ते वही घेऊन आले. त्या दिवसाच्या पानावर लिहिले होते : ‘लोणंद ते तरडगाव. तीन वेळा बसलो. पूर्ण वाटेत बोलता येत होते. छाती : काही नाही. जबडा : काही नाही. उजव्या टाचेला फोड, नवीन चप्पल.’

मधुमेह असताना नवी चप्पल घालून वारीला गेल्याबद्दल मी त्यांना चांगलाच रागावलो आणि टाच तपासायला घेतली.