अंग आंबते तेव्हा

मार्गशीर्ष लागला की आमच्या बडोद्यातील मराठी घरांत व्यायामाचे संकल्प उगवू लागतात. थंडीतला व्यायाम वर्षभर पुरतो, असे वडीलधारे सांगत असत. यंदा आम्हीही, पन्नाशी ओलांडल्यावर आणि तीस वर्षांच्या खंडानंतर, एका पहाटे ४० बैठका काढल्या. त्या दिवशी काही जाणवले नाही; शाळेत जाताना चाल थोडी ऐटबाजच झाली असावी. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या. तिसऱ्या दिवशी शाळेचा जिना उतरताना आम्ही कठडा दोन्ही हातांनी धरलेला पाहून शिपायाने, कोठे पडलात काय, अशी काळजीने चौकशी केली. घरी तर निकाल आधीच लागला होता: "या वयात हे सुचलं कशाला?"

पुष्कळांचा व्यायाम याच तिसऱ्या दिवशी संपतो. म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे.

'अंग आंबले' असे आपण म्हणतो. स्नायूंत आम्ल साचते आणि म्हणून ते दुखतात, ही समजूत या शब्दाशी इतकी जुळते की ती खोटी असेल असे वाटतच नाही. विज्ञानाच्या तासाला बदली शिक्षक म्हणून गेलो असता आम्हीही ती मुलांना सांगितली आहे. परंतु श्रमाच्या वेळी स्नायूंत वाढणारे लॅक्टिक आम्ल विसाव्यानंतर तास-दीड तासात ओसरते, आणि हे दुखणे सुरू होते बारा ते चोवीस तासांनी. ज्याने घर केव्हाच सोडले, त्याच्यावर दुसऱ्या दिवशीच्या चोरीचा आळ कसा घ्यावा? अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच हे दुखणे स्नायूंच्या आतील सूक्ष्म तुटीमुळे होत असावे असे मांडले होते. नंतरच्या संशोधनाने त्या विचाराला बळकटी दिली आहे. न पेललेल्या भाराने बारीक तंतूंना इजा होते, दुरुस्तीसाठी तेथे किंचित सूज व दाह निर्माण होतो, आणि स्नायू हळवा होतो. चार-सहा दिवसांत हे सारे आपोआप निवळते.

ही इजा मुख्यतः भार उचलताना होत नाही. तो सावरीत खाली आणताना होते. बैठकीत खाली जाताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतात आणि त्याच वेळी देहाचा भार धरून ठेवीत असतात. पावागडाची यात्रा केलेल्यांना हे निराळे सांगावयास नको. चढताना धाप लागते, पण मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. उडनखटोल्यातून वर जाऊन पायी खाली येणारी मंडळी दोन दिवसांनी लंगडू लागली, की आपण तर गड चढलोच नाही, मग हे काय, म्हणून चकित होतात.

आता दिलासा देणारी गोष्ट. तोच व्यायाम आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा केला, तर दुखणे पुष्कळच कमी होते. एकदा ताण सोसलेला स्नायू स्वतःस बदलून घेतो आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. विशेष म्हणजे, ते मिळविण्यासाठी पहिला दिवस जबर असावा लागत नाही. थोडक्या बैठकांनीही ते बऱ्याच अंशी मिळते. तेव्हा नवख्याने दहापासून आरंभ करावा, मध्ये एक दिवस सोडावा, आणि आठवड्यागणिक दोन-चार वाढवाव्यात. ज्या शहरात माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे आणि जेथे द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, तेथे राहून आम्ही ४० वर उडी घेतली, ही गोष्ट लिहितानाही संकोच वाटतो.

दुखू लागल्यावर अंथरूण धरू नये. सावकाश चालावे, चालेपर्यंत तरी बरे वाटते. कोमट पाण्याने स्नान, तिळाच्या तेलाचे हलके मर्दन, पुरेशी झोप, एवढे पुरे. अंग ताणण्याच्या प्रकारांचा मोठा बोलबाला आहे, परंतु या दुखण्यावर त्यांचा परिणाम नगण्य असल्याचे तपासण्यांत आढळले आहे. वेदनाशामक गोळ्या उठल्यासुटल्या घेऊ नयेत; मूत्रपिंडाचा वा रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनी तर डॉक्टरांस विचारल्यावाचून मुळीच नाही. दुखणे सांध्यात असेल, व्यायाम चालू असतानाच एकाएकी कळ आली असेल, किंवा छातीत दुखत असेल, तर ते हे दुखणे नव्हे. आणि अति श्रमानंतर स्नायू फार सुजले, हातापायांतील शक्ती गेली, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच घटकेस रुग्णालय गाठावे; स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका असतो.

हे वाचताना आम्हांस आमच्याच नोकरीतील एक दिवस आठवला. १९९८ साल असावे. गृहपाठ न केल्याबद्दल एका मुलास आम्ही शंभर उठाबशा काढावयास लावल्या होत्या. त्याने त्या निमूटपणे काढल्या. दुसऱ्या दिवशी तो आला, तिसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्या दिवशी पाय फाकवून, भिंतीला धरून वर्गात शिरला, तेव्हा सारा वर्ग हसला आणि आम्ही त्याला सोंगाड्या म्हटले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशा शिक्षांस मनाई झाली, तेव्हा शिस्त बिघडेल म्हणून कुरकुरणाऱ्यांत आम्हीही होतो. उठाबशांनी मुलांस वर सांगितलेला गंभीर विकार झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, हे आम्ही या बैठकांच्या निमित्ताने प्रथमच वाचले.

सध्या आम्ही दिवसाआड पंधरा बैठका काढतो आणि जिना हात सोडून उतरतो. त्या विद्यार्थ्याचा मुलगा आता आमच्याच शाळेत सहावीत आहे. पुढील पालकसभेस वडील आले, तर सभा संपल्यावर त्यांना थोडे थांबवून घेणार आहोत.